ध्वनीच्या वाटेवरचे कापड

जुन्या काळी घरात रेडिओ आला म्हणजे त्याला बैठकीच्या खोलीत मानाची जागा मिळत असे. भिंतीवर एक स्वतंत्र फळी ठोकली जाई आणि घरातील लेकीसुना आपल्या हाताने विणलेले किंवा भरलेले आच्छादन त्याच्यावर घालीत. हे आच्छादन रेडिओच्या माथ्यावर असे; बातम्यांची वा गाण्याची वेळ झाली की त्याची पुढे लोंबणारी कड मागे सारली जाई. रेडिओच्या तोंडावर कारखान्यातच बसवलेले आणखी एक कापड असे. सोनेरी किंवा तपकिरी रंगाचे, जाडसर धाग्यांचे, परंतु विरळ विणीचे असे ते कापड असे. लाकडी पेटीच्या आत बसवलेला कागदी शंकू, म्हणजे ध्वनिक्षेपक, त्या कापडाने दृष्टीआड होई. आवाज मात्र अडत नसे. १९४८ साली नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. त्या केंद्राची मराठी भाषणे आणि गाणी सौंसर-पांढुर्ण्याच्या घरांतून ऐकली गेली, ती अशाच कापडांतून गाळून आलेली होती.

आज रेडिओच्या त्या एका पेटीची जागा अनेक पेट्यांनी घेतली आहे. ज्याला सर्वत्र ‘होम थिएटर’ म्हणतात, त्या व्यवस्थेत सामान्यतः पाच ध्वनिक्षेपक आणि खर्जाच्या आवाजासाठी सबवूफर नावाची एक वेगळी पेटी असते. तीन ध्वनिक्षेपक पडद्याच्या बाजूला, दोन श्रोत्यांच्या कडेला किंवा थोडे मागे, आणि सहावी खर्जाची पेटी सोयीच्या कोपऱ्यात. चित्रपटगृहाचा आनंद घरात आणणारी ही योजना खरी. परंतु बैठकीच्या खोलीत इतक्या काळ्या पेट्या मांडून ठेवणे पुष्कळांना रुचत नाही. पाहुण्यांच्या दृष्टीला त्या खुपतात, धूळ बसते, लहान मुले शंकूत बोटे घालतात. म्हणून सुताराकडून एक लांबरुंद कपाट करवून घ्यावे, पेट्या त्यात ठेवाव्यात आणि कपाटाच्या दारांना फळीऐवजी कापड ताणून बसवावे, ही कल्पना आता बऱ्याच घरांत रुजू लागली आहे. कल्पना चांगली आहे. ती पार पाडताना जुन्या रेडिओच्या कापडातील शहाणपण मात्र विसरले जाते, आणि त्याचा परिणाम ऐकणाऱ्यांना भोगावा लागतो.

हा विषय बोरगावच्या संदर्भात मांडण्यास एक विशेष कारण आहे. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सौंसर तालुक्यात वसलेले हे गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, आणि २०२३ साली सौंसर व पांढुर्णा हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. राज्य व जिल्हा कोणताही असो, येथील घरांतून मराठी बोलली जाते, बाजारासाठी नागपूरची वाट धरली जाते आणि शेतातून कापूस व संत्री निघतात. या बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात, कैलासनगर येथे, रेमंड कंपनीची सूटाच्या कापडाची मोठी गिरणी १९९१ पासून आहे. लोकर, लोकर आणि कृत्रिम धागा यांचे मिश्रण, अशा नाना प्रकारांचे कापड तेथे विणले जाते. अशा ठिकाणी कापडाची पारख पुष्कळांना असते. बोटांच्या चिमटीत कापड धरून त्याचा पोत आणि वीण सांगणारी माणसे येथे घरोघरी सापडावीत यात नवल नाही. त्यामुळे कपाटाच्या दारासाठी कापड निवडण्याची वेळ आली म्हणजे अशा घरात साहजिकच उत्तमातले उत्तम, घट्ट विणीचे आणि सुरेख तकाकीचे सूटाचे कापड पुढे येण्याचा संभव असतो. नेमके येथेच ठेच लागते. अंगावर घालण्यासाठी कापडाचे जे गुण मोलाचे, तेच गुण ध्वनीच्या वाटेवर दोष ठरतात.

अशा घरातील नित्याचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. नवे कपाट तयार झाले आहे. सागवानी चौकटी, त्यांत करड्या रंगाचे सुंदर कापड, दारे बंद केली की आत काय आहे याचा पत्ता लागू नये. रात्री जेवणे आटोपून सारे कुटुंब चित्रपट पाहण्यास बसते. ढोल, मोटारी, मेघगर्जना सारे काही घुमते, परंतु थोड्याच वेळात आजी म्हणते, “हे काय बोलून राह्यले, मले काही समजत नाही बाप्पा.” मुलगा आवाज वाढवतो. ढोल अधिक जोरात वाजू लागतात, खिडकीची तावदाने थरथरतात, बोलणे मात्र तितकेच अस्पष्ट राहते. आणखी काही दिवसांनी आजी चित्रपट सुरू झाला की उठून आत निघून जाते. वय झाले, ऐकू येत नाही, असे सगळे समजतात. आजीच्या कानांचा दोष काही अंशी असेलही. परंतु मोठा वाटा बहुधा त्या सुंदर कापडाचा असतो.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी ध्वनीचे स्वरूप थोडे पाहिले पाहिजे. ध्वनी म्हणजे हवेचे मागेपुढे होणारे कंपन. हवेत, साधारण वीस अंश सेल्सिअस उष्णतामानात, तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. सेकंदाला शंभर कंपने असलेला खर्जाचा आवाज घेतला तर त्याची एक लाट सुमारे साडेतीन मीटर लांबीची, म्हणजे एखाद्या खोलीच्या रुंदीएवढी होते. सेकंदाला हजार कंपने असतील तर लाट सुमारे चौतीस सेंटिमीटरांची, आणि दहा हजार असतील तर ती जेमतेम साडेतीन सेंटिमीटरांची, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीची असते. लांब लाटेच्या मार्गात कापड आले तरी तिला फारसा अडथळा होत नाही. तिचे कंपन इतके संथ असते की हलके कापड हवेबरोबर स्वतःच पुढेमागे झुलते आणि लाट पलीकडे जाते. आखूड लाटेची गोष्ट वेगळी. तिच्या जलद कंपनांबरोबर हलणे वजनदार कापडाला जमत नाही. अशा वेळी हवेला जाण्यासाठी धाग्यांमधील छिद्रे तेवढी उरतात. ती छिद्रे पुरेशी मोकळी असली तर आवाज सुखरूप पार होतो. ती बुजलेली असली तर काही आवाज कापडावर आपटून मागे फिरतो आणि काही धाग्यांत घासून जिरून जातो.

आता मानवी वाणीकडे पाहावे. बोलण्यातील जोर आणि नाद मुख्यतः स्वरांत असतो, आणि स्वरांची शक्ती बहुतांशी खालच्या व मधल्या कंपनांत साठलेली असते. परंतु शब्दाचा अर्थ ज्यांवर अवलंबून असतो ती व्यंजने वरच्या पट्टीत नांदतात. स, श, फ, त, ट, च यांचे सूक्ष्म भेद सेकंदाला दोन हजारांपासून आठ हजारांपर्यंतच्या कंपनांत दडलेले असतात. ‘स’चा सीत्कार तर चार हजारांच्याही वर असतो. जुन्या टेलिफोनमधून सुमारे तीनशे ते चौतीसशे कंपनांपर्यंतचाच आवाज जात असे. त्यामुळे टेलिफोनवर एखादे नाव सांगताना ‘सशातला स’ किंवा ‘फणसातला फ’ असे सांगण्याची पाळी येई. घट्ट विणीचे कापड ध्वनिक्षेपकापुढे बसवणे म्हणजे वरची ही पट्टी आपल्या हातांनी झाकणे होय. त्यातच वृद्धापकाळी मनुष्याची श्रवणशक्ती कमी होते ती प्रथम याच वरच्या पट्टीत. म्हणून तरुणाला जो आवाज केवळ किंचित मंद वाटतो, तोच वृद्धाला निरर्थक गुणगुण वाटतो. आवाज वाढवल्याने ही तूट भरून येत नाही, कारण त्याने खर्जही तेवढाच वाढतो आणि उरलीसुरली व्यंजने त्याखाली दबून जातात.

पडद्यामागे ध्वनिक्षेपक लपवण्याची युक्ती काही नवी नाही. १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. त्यानंतर आवाज पात्राच्या मुखातूनच येत असल्याचा भास प्रेक्षकांना व्हावा, हा प्रश्न चित्रपटगृहांपुढे उभा राहिला. जगभर त्यावर जो उपाय रूढ झाला तो असा की मुख्य ध्वनिक्षेपक पडद्याच्या मागे ठेवायचे आणि पडद्याला सर्वांगी बारीक छिद्रे पाडायची. ही छिद्रे साधारण एक मिलिमीटर व्यासाची असतात. दुरून डोळ्यांना ती दिसत नाहीत. तरीही अशा पडद्यातून जाताना वरच्या पट्टीचा थोडा क्षय होतोच, आणि तो ध्यानात घेऊन ध्वनियंत्रणेत त्या पट्टीचा जोर मुद्दाम थोडा वाढवून ठेवावा लागतो. चित्रपटगृहाच्या बांधणीत तज्ज्ञांनी जी काळजी वाहिली, ती घरातील कपाटाच्या बाबतीत थोड्या प्रमाणात तरी वाहिली पाहिजे.

कापडाचा प्रश्न प्रथम घेऊ. सूटाच्या उत्तम कापडासाठी लोकरीचे तंतू विंचरून समांतर केले जातात, त्यांचा पीळदार धागा काढला जातो, तो दाट विणला जातो आणि शेवटी वाफ व दाब देऊन कापड बसवले जाते. वारा आत शिरू नये आणि सुरकुती पडू नये, हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू असतो. अशा कापडाचे वजन चौरस मीटरला सामान्यतः दोनशे ते तीनशे ग्रॅम भरते. लोकरीचे बनातीसारखे जाड कापड तर आवाज जिरवण्यासाठीच नाट्यगृहांत व ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत टांगले जाते. मखमल, पडद्याचे अस्तर लावलेले कापड, सोफ्याचे जाड कापड, रेक्झिन हे सारे त्याच जातीचे, किंवा त्याहूनही वाईट. रेक्झिनला तर छिद्रेच नसतात.

दारासाठी हवे ते कापड याच्या उलट गुणांचे. विदर्भात आणि त्याच्या शेजारच्या या मुलखात उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या बांधण्याची चाल होती. ती ताटी ऊन अडवते, वारा मात्र आत येऊ देते. ध्वनिक्षेपकापुढचे कापड असेच ताटीच्या धर्माचे असावे. त्याने नजर अडवावी आणि हवेला वाट द्यावी. बाजारात ध्वनिक्षेपकांसाठी म्हणून मिळणारे कृत्रिम धाग्याचे विणलेले जाळीदार कापड यासाठी सर्वांत सोयीचे. ते दोन्ही दिशांना थोडे ताणले जाते, त्यामुळे चौकटीवर सुरकुती न पडता बसते, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत सैल पडत नाही. ते न मिळाल्यास विरळ विणीची खादी, वायल किंवा चांगले धुऊन खळ काढलेले तलम सुती कापड चालू शकते. एवढेच काय, आपल्या परिचयाचे साधे गोणपाटही आवाजाच्या दृष्टीने उत्तम ठरते, कारण त्याच्या धाग्यांमध्ये भरपूर मोकळी जागा असते. त्याचे सुटे तंतू झडतात आणि त्याला वास असतो, एवढीच त्याची अडचण. रंगवलेले, बारीक तागाचे कापड घेतल्यास तीही बऱ्याच अंशी दूर होते.

कापड विकत घेण्यापूर्वी दुकानातच दोन परीक्षा करता येतात. कापड उजेडासमोर धरावे. धाग्यांमधून प्रकाशाचे ठिपके सर्वत्र सारखे दिसले पाहिजेत. नंतर ते ओठांशी धरून फुंकर मारावी आणि पलीकडे तळहात धरावा. फुंकर जवळजवळ विनाअडथळा तळहाताला लागली तर कापड योग्य. गाल फुगू लागले तर ते सदऱ्याला किंवा कोटाला ठेवावे. तिसरी परीक्षा घरी करावी. घरातील कोणाच्याही बोलण्याचे किंवा बातम्यांचे ध्वनिमुद्रण लावावे, ऐकणाऱ्याने डोळे मिटून बसावे, आणि दुसऱ्याने काही न सांगता कापड ध्वनिक्षेपकापुढे धरावे, काढावे, पुन्हा धरावे. कापड केव्हा होते आणि केव्हा नव्हते हे ऐकणाऱ्याला सांगता आले नाही तर निवड बरोबर झाली. शक्य असेल तर ही परीक्षा घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या कानांनी करावी. ध्वनीची तूट डेसिबल या मापाने मोजतात. सुमारे एका डेसिबलचा फरक माणसाला जेमतेम जाणवतो, आणि तीन डेसिबलची तूट म्हणजे शक्ती निम्मी होणे. तेव्हा वरच्या पट्टीत एक-दोन डेसिबलपलीकडे तूट होऊ न देणे हे लक्ष्य ठेवण्यास हरकत नाही. याच कारणाने दारात कापड आले की ध्वनिक्षेपकाची मूळची जाळी काढून ठेवावी. एकावर एक दोन आवरणे ठेवली तर तूटही दुप्पट होते.

इतके विरळ कापड लावले तर आतील पेट्या दिसणार नाहीत काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर जुन्या वाड्यांतील चिकाच्या पडद्यात आहे. चिकाच्या आड अंधाऱ्या खोलीत बसलेल्या माणसाला बाहेरचे सर्व दिसे. बाहेर उजेडात उभ्या असलेल्याला मात्र आतील काही दिसत नसे. कपाटाची आतील बाजू चकाकी नसलेल्या काळ्या रंगाने रंगवावी आणि कापड गडद रंगाचे निवडावे. खोलीत उजेड आणि कपाटात अंधार असला की विरळ कापडही नजरेला भिंतीसारखे भासते.

यानंतर सुताराचे काम येते. सातपुड्याच्या या परिसरात सागवान सर्वांच्या परिचयाचे आहे आणि चौकटीसाठी ते उत्तम. मे महिन्यातील कडक ऊन आणि त्यापाठोपाठ येणारी पावसाळी ओल यांमुळे लाकूड आखडते आणि फुगते. सागवानात हा दोष इतर पुष्कळ लाकडांहून कमी. तथापि ओले लाकूड वापरले तर सागवानही पिळते आणि दार चौकटीत बसेनासे होते. म्हणून लाकूड चांगले वाळलेले असावे आणि दारांच्या मध्ये थोडी फट ठेवावी. कापड थेट दारावर खिळ्यांनी ठोकू नये. चित्रकार जसा पातळ चौकटीवर कॅनव्हास ताणतो, तसे ते एका वेगळ्या, हलक्या चौकटीवर ताणावे आणि ती चौकट दाराच्या मागील खाचेत बसवावी. असे केल्याने ती वर्षातून एकदोनदा काढून कापड धुता येते. कापसाच्या प्रदेशातील हवेत धूळ आणि तंतू नेहमीच असतात. ते छिद्रांत साचले की चांगले कापडही हळूहळू घट्ट कापडासारखे वागू लागते.

दाराच्या रचनेत एक चूक सर्रास होते. शोभेसाठी सुतार मध्ये आडव्या-उभ्या पट्ट्या घालतो किंवा नक्षीची जाळी बसवतो. पट्टी ध्वनिक्षेपकाच्या समोर आली की आखूड लाटा तिच्यावर आपटतात आणि विखुरतात. तार स्वरांसाठी प्रत्येक पेटीत जो लहान ध्वनिक्षेपक असतो, ज्याला ट्वीटर म्हणतात, त्याच्यासमोर काहीही येता कामा नये. चौकटीची मोकळी जागा पेटीच्या तोंडाहून चारी बाजूंनी मोठी असावी आणि चौकटीची आतील कड रंध्याने तिरपी छाटलेली असावी. तसेच पेटी कपाटात खोल ढकलू नये. खोलवर ठेवलेल्या ध्वनिक्षेपकाचा आवाज विहिरीतून बोलणाऱ्या माणसासारखा येतो, कारण दोन्ही बाजूंच्या फळ्यांवरून त्याचे प्रतिध्वनी निघतात. पेटीचे तोंड कापडाच्या अगदी मागे यावे. शंकूला हलण्यासाठी एक-दोन सेंटिमीटर जागा सोडली म्हणजे पुरे.

कपाटाच्या आत पेटीभोवती जी पोकळी राहते तिचाही विचार करावा लागतो. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली तर ती एका ठराविक सुरात घुमते. कपाटाचा कप्पा त्याचप्रमाणे घुमू शकतो. खर्जाच्या लांब लाटा पेटीच्या पुढून निघाल्या तरी सर्व बाजूंना वळतात. त्या कप्प्यात शिरतात आणि पुरुषी आवाजाला एक प्रकारचा पोकळ घुमारा आणतात. यावर उपाय म्हणजे पेटीच्या दोन्ही बाजूंची आणि वरची रिकामी जागा मऊ पदार्थाने भरणे. खनिज लोकर, फोम किंवा पिंजलेला कापूस भरलेल्या पिशव्याही चालतात. परंतु कापूस लवकर पेट घेतो, म्हणून विजेची जोडणी व तापणारी उपकरणे असलेल्या कप्प्यात तो मुळीच ठेवू नये. ज्या पेटीच्या पाठीला हवेसाठी भोक असते तिची पाठ बुजवू नये. मागे निदान वीतभर जागा मोकळी ठेवावी. कपाटात ठेवण्यासाठी नवीन पेट्या घ्यायच्या असल्यास पूर्ण बंद किंवा पुढे भोक असलेल्या घेणे अधिक श्रेयस्कर.

सबवूफरची पेटी शक्यतो या कपाटात ठेवूच नये. पन्नास कंपनांच्या स्वराची लाट सुमारे सात मीटर लांब असते. तिचा आवाज कोठून येतो हे कानाला नीट उमगत नाही. तेव्हा ती पेटी खोलीत दुसरीकडे, एखाद्या खुर्चीच्या आड ठेवली तरी ऐकणाऱ्याची फसगत होत नाही. कपाटात मात्र ती फळ्या, बिजागऱ्या आणि आतील भांडीकुंडी या सर्वांना नाचवते. इतर पेट्यांखालीही रबराचे तुकडे ठेवावेत, दार टेकते तेथे नमद्याच्या चकत्या चिकटवाव्यात आणि बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट करावेत. मग एक संथ, खालपासून वर चढत जाणारा सूर लावून कपाटावर हात फिरवावा. जेथे खडखड ऐकू येईल तेथे बंदोबस्त करावा. ध्वनिवर्धक यंत्र चालताना तापते. त्याचा कप्पा मागून व वरून मोकळा असावा. नागपुरी उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलेले असे यंत्र फार काळ टिकण्याची आशा धरू नये.

शेवटी पेट्यांची मांडणी. कपाट सुबक दिसावे म्हणून पुष्कळदा तिन्ही पेट्या सर्वांत खालच्या कप्प्यात ढकलल्या जातात. चित्रपटातील बहुतेक संवाद मधल्या ध्वनिक्षेपकातून येतो, आणि ट्वीटरचा आवाज टॉर्चच्या झोताप्रमाणे सरळ जातो. तो श्रोत्याच्या गुडघ्यावर पडत असेल तर कानांना त्याचा लाभ कसा मिळावा? म्हणून बसलेल्या माणसाच्या कानांची उंची मोजून कप्पा ठरवावा. ते शक्य नसेल तर मधल्या पेटीच्या पुढील कडेखाली लाकडाची चीप देऊन तिचे तोंड वर करावे. डावी व उजवी पेटी श्रोत्याच्या समोरच्या रेषेपासून प्रत्येकी सुमारे तीस अंशांवर यावी, असा जगभर मानलेला संकेत आहे. अलीकडच्या ध्वनिवर्धकांबरोबर खोलीचा आवाज मोजणारा एक लहान मायक्रोफोन मिळतो. त्याचा उपयोग अवश्य करावा, पण दारे बंद ठेवून. म्हणजे कापडाने होणारी थोडीशी तूट यंत्र आपोआप भरून काढते. थोडीशी म्हणण्याचे कारण असे की जाड कापडाने गिळलेला आवाज कोणतेही यंत्र पुरता परत आणू शकत नाही.

ज्यांच्या घरी कपाट आधीच तयार झाले आहे आणि कापड चुकीचे लागले आहे, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. कपाट मोडावे लागत नाही; चौकटीतील कापड तेवढे बदलले की पुरते, आणि तो खर्च साऱ्या यंत्रसामग्रीच्या तुलनेने अगदी किरकोळ असतो. तोपर्यंत चित्रपट पाहताना दारे उघडी ठेवावीत. काढलेले उंची कापडही वाया जात नाही. शिंप्याकडे दिले तर त्याची एखादी बंडी सहज होते, आणि थंडीत आजोबांच्या अंगावर ते आपले खरे काम करते. तेथे वारा अडणेच इष्ट असते.

कपाट बांधणाऱ्याने, कापड निवडणाऱ्याने आणि पैसे देणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की काम पुरे झाले की नाही याचा निर्णय पाहुण्यांच्या डोळ्यांवर सोपवायचा नसतो. दारे लावावीत, आवाज नेहमीचाच ठेवावा, एखादा शांत संवादांचा प्रसंग सुरू करावा आणि आजीला तिच्या नेहमीच्या जागी बसवावे. पात्र काय बोलले ते तिने न विचारता सांगितले, किंवा विनोदावर ती इतरांच्या बरोबरच हसली, म्हणजे कपाट उत्तम झाले असे खुशाल समजावे.